पेजेचं प्लास्टिक आणि समोरचे भाऊजी

आमच्या समोरच्या भाऊजींएवढा हुशार माणूस अख्ख्या मानपाड्यात सापडायचा नाही, आणि हुशारीने एवढा कामातून गेलेलाही. जन्मभर कंपनीत न कुजणारं प्लास्टिक केलं, आणि रिटायर होऊन बसलेत कुजणारं करत. तेही कशाचं, तर भाताच्या पेजेचं! सकाळी पातेलं घेऊन दारात हजर. "वहिनी, पेज ओतून नाही ना दिलीत?" मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर पापड लाटून पोरं वाढवली, तेव्हा हीच पेज मीठ घालून जेवण म्हणून प्यायचो. आता तिचा मान बघा! भाऊजी ती आटवतात, ग्लिसरीन घालतात, लवंगेचं, ओव्याचं, गवती चहाचं तेल ओततात आणि गोल गोल पसरून गच्चीवर माझ्या पापडांशेजारी वाळत घालतात. पातळ चकत्या होतात. त्याने म्हणे जंतू मरतात.

तेलाचा हात असा सैल, की जिन्यात पाऊल टाकलं की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं. नव्या कुरिअरवाल्याने मला विचारलेलं, "आजी, दवाखाना कितव्या माळ्यावर?" चकत्या कुठे चिकटवाव्यात याला धरबंद नाही. अर्ध्या कांद्यावर, केळ्याच्या देठावर, लिफ्टच्या बटणावरसुद्धा. सेक्रेटरी ओरडला, तर त्यालाच शिकवायला लागले, "जंतू दिसत नाहीत म्हणून नसतात असं नाही."

मी म्हटलं, "देव पण दिसत नाही, भाऊजी. त्याच्या एवढे मागे लागला असतात तर एव्हाना भेटला असता."

शेवटी कल्याणच्या एका कॉलेजातल्या मॅडम चकत्या तपासायला तयार झाल्या. त्यांच्याही डोक्याला किती दिवस ताप दिलेला. त्या दुपारी भाऊजी घाईघाईत गच्चीवर गेले, चष्मा घरीच, डबा भरला आणि निघाले. ऊन उतरल्यावर मी वर गेले, तर ह्यांच्या चकत्या जागच्या जागी घमघमतायत, आणि माझे तांदळाचे ओलसर पापड कल्याणला गेलेले! फोन केला. उचलतील तर भाऊजी कसले.

संध्याकाळी आले ते जिन्यातच बसले. "मॅडमनी विचारलं, काका, यात जिरं कशाला?"

"मग? चवीला, म्हणायचं."

हसले नाहीत. मी अजून तोंड चालवलं, "अहो, लवंगेने बिल्डिंग शिंकते, आणि तुम्हाला हातातल्या डब्याला वास आहे की नाही ते कळू नये?"

"मला वास येत नाही, वहिनी. कंपनीतच गेलं नाक." मग खालीच बघत म्हणाले, "तिच्या वेळीही नाही आला."

त्यांची बायको पडून असायची, पाठीला जखम झालेली. हे तिथेच खुर्ची टाकून तिला भरवायचे, स्वतः जेवायचे. मी गावाहून आले आणि दार उघडल्याबरोबर मला कळलं. तोवर आत सडलेलं. डॉक्टर आला, पण उशीर झाला. मी तेव्हा मनात म्हटलेलं, कसला नवरा हा, एवढ्या वासात जेवतो.

पुढच्या खेपेला कल्याणला मीच गेले बरोबर, डबा मांडीवर घेऊन, एकेक चकती हुंगून भरलेली. मॅडमनी ठेवून घेतल्या आणि मग बोलावून काचेच्या बशीत दाखवलं. चकतीभोवतीचे जंतू मेलेले, स्वच्छ गोल, चंद्राला खळं पडावं तसं. भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"पण काका, माणसाच्या जखमेला लावायचं तर अजून खूप तपासण्या लागतील हं."

"लागू देत," भाऊजी म्हणाले. "तिला काही आता घाई नाही."

हल्ली नवी चकती झाली की पहिली माझ्या नाकाशी येते. "आला वास, वहिनी?"

"आला की! डोळ्यांतून पाणी आलं."

मग त्यांना बरं वाटतं. तेल जास्तच असतं, नेहमीच. पण कमी घाला, असं मी आता म्हणत नाही.