नामसूचीतल्या बाई

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला कुणी ‘बाई’ म्हणत नाही. माझ्या आईला ते चालत नाही. तिने नगरच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्या बत्तीस वर्षांत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला बाईच म्हणत आले. तिच्या लेखी बाई म्हणजे शिकवणारी. भांडी घासायला येणारीला तिच्या नावाने हाक मारायची, आणि तीही अहो-जाहो करून. दुबईत सगळे ‘मेड’ म्हणतात, त्यामुळे इथे प्रश्न येत नाही. तरी दर नाताळाला आई माझ्याकडे राहायला आली की मी जीभ सांभाळूनच बोलते.

तिच्या या ताठ्यामागे एक जुनं दुखणं होतं. तिची खापरपणजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, असं आईला तिच्या आजीने सांगितलं होतं. पुरावा मात्र काही नव्हता. आईच्या माहेरच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कोऱ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं लिहून ठेवली आहेत. सगळ्यात वर खापरपणजीचं नाव आणि बाप्तिस्म्याचं साल. खालच्या पुरुषांच्या नावांपुढे मास्तर, पाळक, कंपाउंडर असं सगळं लिहिलंय. तिच्या नावापुढे काहीच नाही.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, या कोऱ्या जागेचा पुरेपूर फायदा घ्यायचा. कुठल्याही लग्नात चार माणसं जमली की तो म्हणणार, “अगं ताई, शाळा मडमेची होती. आपली म्हातारी तिथं झाडलोट करायची. उगाच कशाला टेंभा मिरवतेस?” लोक हसायचे. आई हसायची नाही. परतताना गाडीत एकच वाक्य म्हणायची, “मला एकदा कुठेतरी लिहिलेलं दिसू दे, बाकी काही नको.” गेल्या काही वर्षांत ती हे जरा घाईने म्हणायला लागली होती. ऐंशीला टेकलीय ती.

माझं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये छोटं किचन आहे. एरवी कंपन्यांना जेवणाचे डबे पुरवते, दिवाळीला आणि नाताळाला फराळ करते. माझ्या करंज्या तळणीत फुटत नाहीत, हे मी कुणाहीपुढे छाती ठोकून सांगेन. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका अमेरिकन बाईंचा मेसेज आला. त्यांना ‘क्रांजी’ हव्या होत्या, ओल्या नारळाच्या. हा शब्द वाचून मी आधी हसले आणि मग फोनच लावला. तुम्हाला करंजी कशी माहीत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या घरी दर नाताळाला होते. अमेरिकेतल्या त्यांच्या गावी आजी करायची, आजीला तिच्या आजीने शिकवलं, आणि ती शिकून आली होती ‘आमेदनगर’हून.

मी लाटणं खाली ठेवलं. समोर बसलेल्या आईला सांगितलं, तर तिने पिठाचे हात न धुताच विचारलं, “कुठलं गाव? नगरात कुठं?” मी फोनवर विचारलं, तर गाव तेच होतं, खापरपणजीच्या शाळेचं.

पुढच्या शनिवारी करंज्यांचा डबा घेऊन आम्ही तिघी मरीनाला त्यांच्या घरी गेलो. मी, आई आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी. आईला छापील इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश, म्हणून मुलीला बरोबर घेतलं. त्या बाईंच्या घरातून समुद्र छान दिसतो, पण आई खिडकीकडे फिरकलीच नाही. भिंतभर पुस्तकं होती. अमेरिकेतल्या जुन्या चर्चचा इतिहास, कुठल्या गावात कुठला पंथ आला, कोण कुठल्या जहाजातून उतरलं, कुणाला किती मुलं झाली, त्यातली किती जगली. त्यांना त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं मागे मोजता येतं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. आमच्याकडे होतं एक पान.

त्यांनी एक निळ्या बांधणीचं पुस्तक काढलं. त्यांच्या काकांनी घरच्यांपुरतं छापून घेतलेली वंशावळ, आणि मागे त्यांच्या खापरपणजीने, म्हणजे आमच्या त्या मडमेने, हिंदुस्थानातून बहिणीला लिहिलेली पत्रं. शेवटी नामसूची. माझ्या मुलीने सरळ सूचीच उघडली. पत्रांमधून सतत येणारं एकच मराठी नाव तिथं होतं: ‘बाई’. पुढे सात पानांचे आकडे. आणि मध्ये एक शब्द.

“आजी, इट सेज सर्व्हंट,” मुलगी म्हणाली. म्हणाली आणि तिलाच कसंतरी झालं.

पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, की बाई उजाडायच्या आत येते, शाळेची खोली झाडते, चटया अंथरते. मामाचं म्हणणं शब्दशः छापलेलं. आईने चष्मा काढून मिटला आणि मला म्हणाली, “चल, निघू या. तुझ्या ऑर्डरी पडल्या असतील.” इतकं लहान झालेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला त्या निळ्या पुस्तकाचाच राग आला.

पण माझी लेक आजीवर गेलीय. “वेट. सात पेजेस आहेत ना? ऑल सात वाचणार मी,” म्हणून ती बसून राहिली. सहा पानांत विशेष काही नव्हतं. बाईने करंजीची कड मुरडायला शिकवली, बाईने विंचू मारला. सातव्या पानावर बाईला ताप आला होता, आणि शाळा नऊ दिवस बंद पडली होती. मडम स्वतः जाऊन वर्गात बसली, तर मुली दारातच उभ्या राहिल्या आणि ‘बाई आल्या की येऊ’ म्हणून घरी गेल्या. मडम जरा खट्टू होऊन बहिणीला लिहिते, की त्यांचंही चुकत नाही, मला त्यांची अक्षरं कुठे गिरवता येतात?

“परत वाच,” आई म्हणाली. मुलीने परत वाचलं. मग आई उठून उभी राहिली. बसून शिकवायची तिला सवयच नाही.

“बाई इज नॉट नेम,” ती त्या अमेरिकन बाईंना म्हणाली. “बाई इज टीचर. मी बाई. आय वॉज बाई, थर्टी टू इयर्स.” मग माझ्याकडे वळली. “आणि झाडायचं काय घेऊन बसलात? शिपाई आला नाही की मी नाही वर्ग झाडला? ज्याची शाळा, त्यानेच झाडायची. सांग यांना नीट.”

मी नीट सांगितलं. त्या बाईंचा चेहरा पडला. सूची करताना काकांनी अमेरिकेतल्या कुणा भारतीय ओळखीच्याला या शब्दाचा अर्थ विचारला होता, आणि त्याने ‘कामवाली’ असं सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? त्याच्या घरी तोच अर्थ असणार. त्या म्हणाल्या, पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती मी करतेच आहे, ही चूक मी दुरुस्त करीन. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, त्यांचं खरं नाव काय होतं?

आईने कागद मागितला आणि नाव लिहिलं, आडनावासकट, आधी बाळबोध अक्षरात आणि खाली इंग्रजीत. वरची रेघ शेवटी, एकदाच, हात न उचलता ओढली. ते नाव मी इथे लिहीत नाही. दीडशे वर्षांनी ते जिथं छापून आलं तिथंच ते वाचलं जावं, ही माझी हौस समजा.

पुस्तक यायला वर्ष लागलं. गेल्या नाताळात त्या स्वतः ते घेऊन किचनवर आल्या, टाल्कम पावडरीसारखा मैदा उडत होता तिथेच उभ्या राहिल्या. नामसूचीत आता ‘बाई’च्या पुढे ‘पाहा’ म्हणून खापरपणजीचं पूर्ण नाव होतं, दोन्ही लिप्यांत, आणि त्यापुढे ‘मुलींच्या शाळेतील शिक्षिका’. आईने पान डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, आता रडते. तर म्हणाली, “वेलांटी बरोबर दिलीय.” मला मात्र रडू आवरलं नाही, आणि अभिमान इतका वाटला की पुढचा घाणा करपला. करपू दे म्हटलं.

दुपारी तिने मामाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मामा आता सत्तरीच्या पुढे, नगरच्या घरी खाटेवर बसलेला. आईने काही प्रस्तावना केली नाही. पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “चष्मा लाव. मोठ्याने वाच.”

मामाने चष्मा शोधून लावला. वाचायला लागला, नावापाशी अडखळला, पुढे सरकला आणि शेवटच्या शब्दापाशी त्याचा आवाज अगदी बारीक झाला. आता काहीतरी थट्टा करून सुटका करून घेईल, असं मला वाटलं.

“ऐकू आलं नाही,” आई म्हणाली. “परत.”

मामा खाटेवर सरळ होऊन बसला.

“हो, बाई,” तो म्हणाला, आणि त्याने परत पहिल्यापासून वाचलं.