कोपरापर्यंत हात

"गाठ पॅनक्रियाजमध्ये आहे. कॅन्सर आहे," नागपूरचे सर्जन म्हणाले. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठराच्या मागे असतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हा माणूस खरं बोलतोय, की गिऱ्हाईक गाठतोय?

संशय घेणं हेच माझं काम. मारेगावच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत ठरवतो. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाला भुलायचं नाही, कोपरापर्यंत हात आत घालायचा. कधीकधी खाली ओला निघतो.

आजार सुरू झाला काविळीने. डोळे पिवळे, अंगभर खाज. आधी पित्ताच्या वाटेत नळी टाकली, मग केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरची औषधं सलाइनमधून. प्रत्येक बाटलीवरचं नाव मी वाचून घ्यायचो. सिस्टर वैतागायच्या.

केमोनंतर पुन्हा स्कॅन झाला. गाठ पोर्टल व्हेनला, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, टेकलेली. गरज पडली तर तेवढी शीर कापायची आणि मानेतल्या शिरेचा तुकडा तिथे जोडायचा, असं ठरलं. पोटाच्या आजाराला मान कापणार! मला काही हे पटेना. गावी परत जायचं म्हणून मी पिशवी भरायला घेतली.

बायको, शोभा, भडकली. "डाक्टरले तोंडावर इचारा ना! मले कायले आयकवून राह्यले?"

गेलो. "स्कॅनमंधी सारं दिसते ना? मंग 'गरज पडली तर' काहून?"

सर्जन म्हणाले, "स्कॅनवर माझा पूर्ण भरवसा नाही. गाठ नुसती टेकली आहे की चिकटली आहे, ते पोट उघडून हात लावल्यावरच कळेल."

हा तर आपल्यातलाच निघाला. पिशवी पुन्हा कॉटखाली सरकवली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा हात आधी मानेकडे गेला. पट्टी होती. म्हणजे गाठ चिकटलेलीच होती. भीती वाटली, आणि त्यांनी आत नीट पाहिलं याचं बरंही वाटलं.

जोडलेल्या शिरेत रक्त वाहतंय का ते डॉक्टर डॉप्लर नावाच्या यंत्राने तपासायचे. मी म्हटलं, "मलेबी ऐकवा." फुस्स-फुस्स आवाज ऐकल्यावरच झोपलो.

मग 'मार्जिन निगेटिव्ह' असा रिपोर्ट आला आणि निगेटिव्ह म्हणजे वाईटच, असं मला वाटलं. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही, असा त्याचा खरा अर्थ. तो मी दोन डॉक्टरांकडून वेगवेगळा विचारून घेतला.

तुमच्यावर ही वेळ आली तर संशय जरूर घ्या. पण घरच्यांजवळ कुरकुरत बसू नका, थेट डॉक्टरांसमोर ठेवा. मी पिशवी घेऊन निघालो असतो तर आज हे लिहायला नसतो.

परवा तपासणी झाली. स्कॅन स्वच्छ. शोभाने हात जोडले. "आता त भरोसा ठेवा," मला म्हणाली.

सर्जन मात्र चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत बसले होते. "दिसतंय तर चांगलं," ते म्हणाले, "पण मी एवढ्यावर मानत नाही. तीन महिन्यांनी परत या."

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.