लेकीच्या सासरचं पाणी

आमचे हे कापड रंगवणाऱ्या कारखान्यात अगदी मागच्या अंगाला काम करायचे. पुढे साहेब लोक, मधे रंगाच्या वाफा आणि सगळ्यात मागे सांडपाणी स्वच्छ करायच्या टाक्या. पहिल्या टाकीत पाणी काळंजांभळं, शेवटच्या टाकीत आभाळ दिसायचं. तिथून ते ओढ्याला सोडायचं, आणि ओढा जायचा थेट आमच्या लेकीच्या सासरी, तिच्या भाजीच्या मळ्याला लागून.

झालं! लेकीचं लग्न झाल्यापासून ह्यांच्या डोक्यात एकच खूळ, की हे पाणी कारखान्याचं नाहीच, आपण लेकीला पाठवतोय. गाळ नीट खाली बसल्याशिवाय सोडायचे नाहीत. मुकादम ओरडला तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शेवटच्या टाकीतल्या पाण्यानं आधी स्वतः तोंड धुवायचे, मगच व्हॉल्व्ह उघडायचे. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, आता वळणावर पोचलं असेल, आता तिच्या मिरच्यांत शिरलं असेल. मी म्हणायची, घास तोंडात शिरू द्या आधी. पण खोटं कशाला बोलू, मलाही दिसायचं ते. दुपारी शिवणयंत्रावर डोळा लागला की पायाखालून काहीतरी गार वाहतंय असं वाटायचं, आणि पार पलीकडे लेक बाह्या सारून उभी.

मग कंपनीत पैसा घालणारी मंडळी आली. कंपनी निसर्गाला किती जपते, हे त्यांना आधी बघायचं होतं. शेवटच्या टाकीपाशी ती थबकलीच. त्यातल्या एका बाईंनी पाणी ओंजळीत घेतलं आणि ओल्या हातानंच ह्यांचा हात धरला. त्या दिवशी हे घरी आले ते तरंगत.

करायला गेले काय आणि झालं काय! एवढं स्वच्छ पाणी बाहेर कशाला घालवायचं, पुन्हा रंगालाच वापरू, असं वर ठरलं. बाहेर थेंबही न सोडणारा कारखाना म्हटला की कंपनीचा भाव वधारतो म्हणे. वधारलाही. हे साहेबांकडे गेले, ओढ्याला थोडं तरी राहू द्या म्हणाले. साहेब वाईट नाहीत हो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, की थोडं सोडलं तर थेंबही सोडत नाही असं कसं सांगणार?

व्हॉल्व्ह बंद करायचा मान ह्यांनाच मिळाला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे मात्र त्या दिवसापासून खाली मान घालून जेवायला लागले.

ओढा आटल्यावर लेकीचा फोन आला. मिरच्यांनी माना टाकल्या होत्या. सासूबाई तिला विचारत होत्या, तुझे बाबा आपल्यावर रागावलेत का? मी ह्यांना खुणेनं सांगितलं, काहीतरी बिघडलंय म्हणा. पण ह्या माणसाला खोटं कधी जमलंय?

"कोणी रागावलं नाही गं पोरी," हे म्हणाले. "पाणी फार चांगलं झालं, म्हणून कंपनीनं ठेवून घेतलं."

ती अगदी हळू म्हणाली, "मग थोडं वाईट करायचं होतं ना, बाबा."