योगिताचं पत्र

योगिताचा विद्यार्थी व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला, तो माझ्यामुळे. शिकून परत का येणार, हे सांगणारं पत्र मी, तिचा निवृत्त मास्तर, हौसेने लिहिलं. मातृभूमीची हाक, मातीचा गंध, दोन पानं! वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

सायवनच्या या पोरीला परदेशी विद्यापीठात शेती शिकायची होती. आता दुसरा नकार आला असता, तर जागाच गेली असती. मी पुन्हा पेन उघडलं. तिने ते काढून घेतलं आणि जवळच्या कासा गावातल्या सायबर कॅफेत जाऊन स्वतःच टाइप केलं: ‘आईकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, सात जुनी वाणं आहेत. पेरत राहिलं नाही तर ती संपतील. आई थकली आहे.’

व्हिसा आला. पेढा खाताना मी विचारलं, “माझं पत्र काय वाईट होतं गं?”

“सर, ते वाचून मलाच खरं वाटलं नाही.”