काकूंची हेल्मेटं

काकूंच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, हेल्मेटं राहत. कारखान्यात नवा असताना मी हातमोजे मागायला गेलो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपण ते हनुवटीचा पट्टा चघळणारे ना?"

कर्वेनगरहून स्कूटरवर येणाऱ्या या काकू आमच्या स्टोअरच्या प्रमुख. दर शनिवारी सगळी हेल्मेटं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्यायच्या, सावलीत वाळवायच्या. मग मंडईत नारळ पारखावा तसं एकेक हेल्मेट बोटांनी वाजवून, उजेडाला धरून तडा शोधायच्या. हेल्मेट बुडाखाली घेऊन कुणी डबा खाताना दिसला, तर त्याची शंभरी भरलीच. "अहो, ते डोक्यासाठी आहे. आपलं डोकं नक्की कुठल्या टोकाला असतं?"

खांडेनवमीला अवजारं लख्ख करून पुजायची आमची रीत. एका वर्षी गणपत पेंटरने हौसेने सगळी हेल्मेटंही थिनरने पुसली. काय चकाकत होती! काकू झेंडूची पिशवी घेऊन आल्या, त्यांना वास आला आणि पिशवी तिथेच टाकून त्या एकेक हेल्मेट हुंगू लागल्या. थिनर प्लॅस्टिकला आतून खातं आणि वरून काही कळत नाही. दसरा झाला की लगेच मोठी टाकी क्रेनने उचलायची होती आणि हीच हेल्मेटं घालून माणसं खाली उभी राहणार होती.

मालक म्हणाले, "काकू, इतकी छान दिसतायत. सणासुदीला उगाच खोडा नको."

"छानच दिसतायत. त्यातलं एक आपण घाला आणि टाकीखाली उभे राहा. मग माझं काही म्हणणं नाही."

मालकांनी हातातलं हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं. नवी येईपर्यंत क्रेन जागची हलली नाही. जुनी काकूंनी समोर उभं राहून करवतीने कापून घेतली. गणपत रडवेला झाला. "काकू, चांगल्या मनानं केलं हो."

"मन चांगलंच आहे तुमचं. थिनर वाईट."

टाकी उचलताना वरून निसटलेला जड पाना नेमका गणपतच्याच डोक्यावर आदळला. नवं हेल्मेट तडकलं. गणपत उठून बसला आणि त्याने चहा मागितला! आम्ही आनंदाने नुसते ओरडत सुटलो. काकू धावत आल्या. तडकलेलं हेल्मेट उचलून म्हणाल्या, "हे निवृत्त. हे गृहस्थ चालू आहेत ना? मग यांना दुसरं द्या."

काकू आता नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला त्याच्या पुढच्या वर्षीची खांडेनवमी दिसते. चौरंगावर मधोमध ते तडकलेलं हेल्मेट. गणपत कुंकू घेऊन घुटमळत होता.

"लावा," काकू म्हणाल्या. "हवं तर थिनरनेही पुसा. त्याची नोकरी झाली."

सगळी शेड हसली, मालकांनी टाळ्या वाजवल्या. गणपतने कुंकू लावलं आणि काकूंच्या पाया पडायला वाकताना डोक्यावरचं हेल्मेट काढू लागला. डोळे पुसता पुसता काकू गरजल्या, "अहो, वर क्रेन आहे! पाया पडा, पण ते डोक्यावरच राहू द्या."