दूर्वांवरचा फवारा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हे: तिनं लोखंडी पाइपाचं टोक मांडीवर धरलं आणि मी पान्यानं सांधा आवळला. उन्हं उतरली होती. मी म्हटलं नीट धर, हलवू नको. ती म्हणाली, "मी नाही हलवत. तुमचाच हात थरथरतो." मला राग आला. खरं बोललेलं मला कधी चाललं नाही.

हा सगळा खटाटोप अंगणातल्या दूर्वांसाठी. घरापुढे दोन खाटा मावतील एवढ्या जागेत तिनं त्या लावल्या होत्या. दर चतुर्थीला जुड्या बांधून खजराण्याच्या गणपतीला न्यायची. गल्लीतल्या बायासुद्धा आमच्याच अंगणातून तोडून नेत. उन्हाळ्यात जळू नयेत म्हणून रोज सकाळी ती मागच्या हौदातून बादल्या भरून आणून घालायची. त्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, छाती कमजोर आहे, वजन उचलायचं नाही. तेव्हा ती मला म्हणाली, एक रबराची नळी आणून द्या, बस.

नळी आणली असती तर झालं असतं. पण मी पडलो मिलचा फिटर. चौथी शिकलो, पुढचं सगळं पान्यानं शिकलो. आमच्या मिलमध्ये सूत तुटू नये म्हणून साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, वर पितळी तोट्या होत्या, त्यांतून पाण्याचा बारीक धूर सुटायचा. तीस वर्षं मी त्या तोट्या बसवल्या. म्हटलं, घरच्या दूर्वांना नळीनं पाणी घालू? लोक हसतील. फवाराच बसवीन, चावी फिरवली की काम झालं.

पोलोग्राउंडच्या कारखान्यांत एका खरादवाल्याकडून लेथवर तोट्या करून घेतल्या. तो शहाणा होता. म्हणाला, "भिया, मिल में तो पंप धक्का मारता है. तुम्हारे घर में कौन मारेगा?" मी त्याला म्हटलं तू छेद पाड, अक्कल मत दे.

पहिल्या दिवशी नळ आला, मी चावी उघडली, आणि तोट्यांतून लाळ गळावी तसं पाणी गळलं. एक तोटी फुर्र करून गप्प झाली. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "गणपतीला शिंक आली वाटतं."

नळ यायचा घटकाभर. त्यात सगळी गल्ली एकदम तोंड उघडून बसायची. कुणी जमिनीत खड्डा करून नळ खाली घेतला होता, कुणी चार-चार पिंपं लावायचा. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, तिच्याबरोबर आमचं पाणीपण गेलं, असं लोक म्हणायचे आणि पिंप भरायचे. धक्का कुठून येणार? पण मी हटलो नाही. पाइप बदलला, सांधे बदलले, तोट्या उलट्या करून पाहिल्या. येणारा-जाणारा फाटकात उभा राहून सल्ला देऊन जायचा. पंधरा दिवस अंगण खोदलेलं. आणि ह्या पंधरा दिवसांत दूर्वांना पाणी कोण घालत होतं? तीच. बादलीनं.

मी बघत होतो. एकदा ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, "तुमचं होईपर्यंत गवत थांबेल का?" मी चिडून परत पाइपाशी जाऊन बसलो. ओरडण्याऐवजी बादली हातातून घ्यायची असते, एवढं मला सुचलं नाही.

तर त्या संध्याकाळी तो सांधा आवळला. ती उठली, पदर झटकला, म्हणाली सकाळी नळ आला की मला हाक मारा, बघू तुमचा फवारा. दिवा लावायला आत गेली आणि देवापुढेच कोसळली. डॉक्टर आला तो नुसता मान हलवायला.

दिवस बुडाला होता, म्हणून न्यायचं सकाळी ठरलं. उजाडता लोक जमले, बाप्ये अंगणात दूर्वांच्या कडेनं बसले. आमच्याकडे एक रीत आहे. गल्लीत कुणी गेलं की नळ आल्यावर बाकीची घरं आपापले नळ बंद ठेवतात. त्या घराला आंघोळीचं पाणी आधी मिळावं म्हणून. ही रीत मला ठाऊक होती, स्वतः पाळली होती. पण फवाऱ्याची चावी संध्याकाळपासून उघडीच राहिली आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

नळ आला आणि सगळ्या तोट्यांतून एकदम फवारे उडाले. मिलमध्ये उडायचे तसे. बारीक, सरळ, कमरेएवढे. माणसं भिजून उठली. शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "भाऊजी, चाललं की हो तुमचं."

मला इतका संताप आला की काय सांगू. पंधरा दिवस नाही आणि आज? मी जाऊन चावी बंद केली. गल्लीत घरोघर सांगितलं, माझं पाणी झालं, तुम्ही नळ उघडा. मग हौदाशी गेलो, तिची बादली घेतली आणि दूर्वांना पाणी घालायला लागलो. लोक म्हणाले ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. एकजण बादली घ्यायला पुढे आला, त्याला मी हटकलं.

सोळा खेपा लागल्या. रोज सोळा खेपा लागत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. बादली उपडी करून तिच्या जागेवर ठेवली आणि लोकांना म्हटलं, चला आता.