धरणाचा दरवाजा कोणी बंद केला

गेल्या रविवारी दुपारी चिपळूणला बहिणीच्या घरी वडील, बहीण आणि मी एक सुपरहिरोचा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा तो पोफळीच्या कॉलनीत पाहिला तेव्हा मी चौथीत होतो. वडील तिथल्या वीजगृहात ऑपरेटर होते.

तो दुसरा भाग होता आणि विचित्र होता. नायकाची उडण्याची शक्ती जाते आणि अर्धा चित्रपट तो स्कूटर शिकण्यात घालवतो. शेवटी खलनायक धरणाचा दरवाजा उघडतो. तो नायकाने बंद केला, असं आम्हा भावंडांना आठवत होतं. वडील म्हणायचे, धरणावरच्या ऑपरेटरने बंद केला. यावरून आम्ही त्यांना वर्षानुवर्षं चिडवलं. अलीकडे वडील स्वतःच म्हणू लागले, "मलाच भास झाला असेल. हल्ली काही नीट आठवत नाही."

त्यानंतर मी चित्रपट शोधायला घेतला. इंटरनेटवर नव्हता. जुन्या सीडी विकणाऱ्या दुकानदाराकडे तिसऱ्या खेपेला मिळाला.

धरणाचा प्रसंग आला तेव्हा बहीण म्हणाली, "बाबा, बघा हां, आता स्कूटरवरून येईल तुमचा ऑपरेटर."

"गप गो. दरवाजाच्या चाकाकडे बघ."

खाकी कपड्यांतला एक माणूस दोन्ही हातांनी लोखंडी चाक फिरवतो. दरवाजा खाली येतो. नायक त्यानंतर पोचतो.

"मागे घे," वडील म्हणाले.

तो प्रसंग आम्ही चार वेळा पाहिला. खाकी कपड्यांतला माणूस पडद्यावर अकरा सेकंद दिसतो.